जून यायच्या आधी जनसेट: कोकणातल्या घरासाठी तयारीची यादी

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत पुढे आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. विहिरी भरलेल्या, पण पंप बंद, म्हणून घरात पाणी नाही. अशा वेळी छोटा पेट्रोल जनसेट (जनरेटर) मोठाच आधार होतो. मात्र त्याची सगळी जोडणी मे महिन्यातच उरकायला हवी. वादळाच्या रात्री अंधारात वायरी जोडायला गेलं की जिवावर बेततं.

आधी लाइट नसताना काय लागणारच ते लिहून काढा. फ्रिज, चार एलईडी, दोन पंखे, मोबाइलचं चार्जिंग हे सगळं चार-पाचशे वॅटमध्ये बसतं. फक्त फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त ओढतो. खरा प्रश्न पंपाचा. १ एचपीचा पंप चालताना साधारण १ किलोवॅट घेतो, पण सुरू होताना त्याच्या तिपटीहून जास्त मागतो. म्हणून नुसत्या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, आपला पंप त्या जनसेटवर उचलला जातो का ते बघूनच घ्या. गिझर, इस्त्री, एसी यादीत नकोतच.

मग जागा. हे या यादीतलं सगळ्यात मोठं काम. पाऊस लागू नये म्हणून बहुतेकांची नजर पडवीवर जाते, नाहीतर गोठ्यावर. दोन्हीकडे ठेवू नका. जनसेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना वास ना रंग. पडवीतून तो माजघरात शिरतो आणि झोपलेल्या माणसांना जागही येत नाही. खिडकी उघडी ठेवून किंवा दारात पंखा लावून भागत नाही. गोठ्यातली गुरंही त्यानं तशीच मरतात. घरापासून निदान २० फूट लांब, खळ्याच्या कडेला चिऱ्याचा सपाट ओटा बांधून घ्या. वर उंचावर पत्रा टाका, चारी बाजू मोकळ्या सोडा, आणि पागोळ्या ओट्याच्या बाहेर पडतील इतका पत्रा पुढे काढा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून असतो, तेव्हा जमल्यास ओटा घराच्या ईशान्येला घ्या. सायलेन्सरचं तोंड आपल्या घराकडे नको, शेजाऱ्याच्या खिडकीकडेही नको. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म मिळतो, तो झोपायच्या खोलीत लावा. घरात दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं, तर काही खाण्यात आलं असेल म्हणून बसून राहू नका. सगळ्यांना उघड्यावर काढा, जनसेट बंद करा आणि दवाखाना गाठा. वारा-पावसाचा मारा चालू असेपर्यंत जनसेट लावूच नये. ती रात्र टॉर्चवर काढावी.

आता जोडणी. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसायची, हा प्रकार बंद झालाच पाहिजे. मेन स्विच पाडायचा राहिला की आपली २३० व्होल्टची वीज मीटरमधून उलटी डीपीकडे जाते, तिथला ट्रान्सफॉर्मर तिचे ११,००० व्होल्ट करतो, आणि लाइन बंद आहे असं धरून खांबावर चढलेला लाइनमन जागच्या जागी मरू शकतो. पडलेल्या झाडांतून वाट काढत तो आपलीच लाइट जोडायला आलेला असतो. परवानाधारक कंत्राटदाराकडून चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी एकतर महावितरणवर नाहीतर जनसेटवर ठेवणारा) बसवून घ्या, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. त्याच दिवशी अर्थिंग तपासा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवा, आणि महावितरणच्या बाजूला एक छोटा इंडिकेटर लावा, म्हणजे लाइट आलेली कळेल. चेंजओव्हर होईपर्यंत फ्रिज थेट जनसेटवरून थ्री-कोअर (आत तीन तारा असलेल्या), २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरने चालवा. वायरची गुंडाळी पूर्ण सोडा, गुंडाळलेली वायर तापते.

वादळानंतर रस्ते बंद आणि पेट्रोल पंपावरही लाइट नाही, म्हणून थोडा साठा हवा. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं, तेही घट्ट बुचाच्या धातूच्या डब्यात आणि एक डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको. प्लास्टिकचे कॅन बाद. छोटा जनसेट मध्यम लोडवर तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पितो. सकाळी तासभर पंप आणि फ्रिज, रात्री दोन-तीन तास फ्रिज आणि पंखे, एवढ्यावर १० लिटर साधारण तीन दिवस जातं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा धरतं, तेव्हा जुनं महिन्याभरात गाडीत टाकून नवं भरा. डबा घराबाहेर, चुलीपासून लांब ठेवा. टाकी भरताना इंजिन बंद करून पंधरा मिनिटं निवू द्या.

ऑईलची पातळी, एक जास्तीचा स्पार्क प्लग, स्टार्टरची दोरी: ही पाच मिनिटांची तपासणी. महिन्यातून एकदा अर्धा तास लोडवर चालवून बघा आणि घरातल्या दोघांना तरी चोक, पेट्रोलचा कॉक आणि चेंजओव्हर हाताळायला शिकवा.

लाइट आली की आधी लोड काढा, मग चेंजओव्हर फिरवा, जनसेट दोन मिनिटं रिकामा चालवून बंद करा. पावसाळ्यानंतर आत ठेवायच्या आधी ओट्यावरच पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल राहून चिकटा धरत नाही.