राजगड-तोरणा दोन दिवसांत करायचाय?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, पावसात हा रूट नकोच. पुण्याहून पहाटे निघून गुंजवण्यात पोचा आणि चोर दरवाज्याने चढा, शेवटचा टप्पा एकदम उभा आहे, रेलिंग धरूनच. पहिला दिवस अख्खा राजगडाला द्या, महाराजांची पहिली राजधानी आहे, बालेकिल्ल्यावरचे वाड्यांचे चौथरे निवांत बघा, उगाच फोटो काढून पळू नका. मुक्काम पद्मावती माचीवर, पण रात्री राहायला सध्या परवानगी आहे का ते आधी गावात विचारून घ्या, नाहीतर खालीच कुणाच्या तरी घरी जेवणासकट सोय होते.

खरी मजा दुसऱ्या दिवशी. उजाडताच निघा, संजीवनी माचीवरून अळू दरवाज्यातून बाहेर पडलं की सगळी डोंगररांग समोर दिसते, वाटेत सावली कमी आणि पाण्याचा भरवसा नाही, म्हणून माणशी चार लिटर पाणी घ्याच (जड होतं, माहितीये!). तोरण्याच्या बुधला माचीजवळ दगडात सांभाळून चढा, बुटाची ग्रिप चांगली हवी. तोरण्यावर मेंगाई देवीच्या देवळापाशी टेका, मग वेल्ह्यात उतरा. स्वारगेटची शेवटची एसटी कधीची ते आधीच विचारून ठेवा.