काळ्या बॉनेटवरचे होलोग्राम

गाडीच्या काळ्या बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसायचे. रोटरी मशीन (पॅड नुसतं गोल फिरवणारं पॉलिशिंग मशीन) आणि लोकरीच्या पॅडने ते गेले, पण धुरकट होलोग्राम, म्हणजे उजेडात दिसणारे मशीनचे बारीक माग, उमटले. मग १५ मिमी थ्रोचं (झुलण्याच्या वर्तुळाचा व्यास) ड्युअल ॲक्शन मशीन घेतलं, म्हणजे पॅड गोल फिरता फिरता झुलवणारं, मऊ फोम पॅडवर बारीक पॉलिश लावलं. होलोग्राम गेले, फक्त दरवाजाच्या बाकदार भागावर पॅड फिरायचंच थांबायचं. पॅड ज्यावर बसतं त्या बॅकिंग प्लेटवर मार्करने रेघ मारली, म्हणजे फिरणं डोळ्यांना दिसतं. पॅड सपाट धरलं, दाब कमी केला, तेव्हा ते फिरू लागलं. अरुंद जागी ३ इंची पॅड. प्रत्येक पॅनेलनंतर पॅड ब्रशने साफ कराच, पॉलिशने भरलेलं पॅड नीट घासत नाही. शेवटी पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहिलं. पॉलिशच्या तेलाखाली लपलेला एकही ओरखडा दिसला नाही.