जिंकलेला डाव घालवायचा नसेल तर या चुका टाळा

पुण्यात शनिवार-रविवारच्या बुद्धिबळ स्पर्धांना येणारी पंधराशे-सोळाशे रेटिंगची मंडळी ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, पंधराव्या चालीपर्यंत पाठ करून येतात आणि गुण घालवतात ते हाताच्या घाईपायी. मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे डाव कुटून लागलेली सवय, दुसरं काय!

माझा खास राग वजीर म्हणून ठेवलेल्या उलट्या हत्तीवर आहे. टिळक रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये ९०+३० चा (नव्वद मिनिटं आणि दर चालीला तीस सेकंद जादा) डाव चालला होता. पांढऱ्याचं प्यादं सातव्या पट्टीवर, मदतीला राजा; काळ्याकडे राजा आणि एक हत्ती. पांढऱ्याकडून खेळणाऱ्या पोरानं प्यादं आठव्या घरात नेलं; तिथे त्याचा वजीर करता येतो, पण वजीर दिसेना. तो समोरच्या काकांच्या मुठीत. मारलेल्या सोंगट्या चाळवत बसायची त्यांना खोड. पोरानं मारलेला हत्ती उचलून उलटा ठेवला आणि घड्याळ दाबलं. पंच म्हणाले, उलटा असला तरी हत्तीच. वजीर विरुद्ध हत्ती म्हणजे जिंकायचा डाव. हत्ती विरुद्ध हत्ती झाल्यावर बरोबरी सुटली. वडील बाहेर तणतणत होते, "आमच्या सोसायटीत चालतं हे!" चालत असेल, फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांत चालत नाही.

अशा वेळी घड्याळ थांबवून पंचांकडे वजीर मागता येतो. मी प्यादं सहाव्या पट्टीवर पोचलं की वजीर कुठे आहे ते बघून ठेवतो.

किल्लेकोट (एकाच चालीत राजा आणि हत्ती दोन्ही हलवणं) करताना आधी राजाला हात लावा, आणि एकच हात वापरा. आधी हत्तीला लावलात तर त्या चालीला त्या बाजूचा किल्लेकोट विसरा.

बरोबरी विचारायची ती चाल केल्यावर, घड्याळ दाबण्याआधी. एकदाच. दर दोन चालींनी "ड्रॉ?" करणाऱ्यांची तक्रार मी सरळ पंचांकडे करतो.

मोबाइल खिशात नको, बंद असला तरी.

चाली लिहायचा कंटाळा तर जवळपास सगळ्यांनाच. दर चालीला तीस सेकंद वाढून मिळत असतील, तर शेवटपर्यंत लिहावंच लागतं. मी चाल करतो, घड्याळ दाबतो आणि लगेच लिहितो. "नंतर बघून लिहू" म्हणणारे तीच स्थिती तिसऱ्यांदा आल्यावर बरोबरी मागायला जातात आणि कागद कोरा! शिवाय आपल्याच चालीनं ती स्थिती येणार असेल, तर चाल आधी फक्त कागदावर लिहायची, घड्याळ थांबवून पंचांना बोलवायचं. सोंगटी हलवून, घड्याळ दाबून मग हात वर केलात, तर पंच तुम्हाला खेळत राहायला सांगतील.