निराधार बंद होईन म्हणून काम सोडू नका, पयले हिशोब करा

आमच्या काकाच्या पोट्ट्याला लहानपणीच पोलिओ झाला, एक पाय अधू. मागच्या दिवाळीत त्याला जिनिंगवर काट्याच्या कम्प्युटरवर बसायचं काम आलं, महिना सात हजार. काकू म्हणे नको जाऊ बावा, निराधार योजनेचे महिन्याचे सरकारी पैसे बंद होईन. तीन दिवस घरात हेच. असं भांडण लय घरात होते म्हणून लिहून राहिलो.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगाला आता महिन्याला २५०० भेटतात, वर्षाचे ३०,०००. अट अशी का अपंगत्व किमान ४० टक्के अन् कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० च्या आत. आता पेन घ्या. सात हजारानं बारा महिन्याचे ८४,००० होतात, मर्यादा गेली, पण ३०,००० जाऊन ८४,००० येत असतीन तर जा ना, काऊन भेता? अन् जिनिंग म्हणजे कापसाचा सीझन, पाच महिने चाललं तर ३५,००० च, घरी शेती नसन, दुसरं कोणी कमावत नसन तर मर्यादेतच बसते. म्हणून काम किती महिन्याचं हे मालकाला पयल्याच दिवशी विचारा, अन् घरच्यांची मजुरी, शेती सगळं धरून तलाठ्याला खरं उत्पन्न सांगा. लपवू नका.

काकूची भीती खोटी नाही बरं. बंद व्हायला एक दिवस लागते, परत चालू करायला तहसीलच्या चकरा. म्हणून पक्कं काम लागलं तरी सगळे कागद जपून ठेवा अन् पयल्या पगारापासून थोडे बाजूला टाका.

युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं सरकारी ओळखपत्र, नोकरी लागली म्हणून जात नाही, ते आधी काढा. त्यावर एसटीत ७५ टक्के सवलत, रोज तालुक्याला जाणाऱ्यासाठी ते पगारवाढीएवढंच आहे, अन् २०१६ च्या कायद्यानं सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा राखीव. कार्डाचा ऑनलाइन फॉर्म भरला का सरकारी दवाखान्यात तपासणीला जावं लागते, तवा हाडाचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात हे फोन करून विचारा. आम्ही दोनदा फुकट गेलो, पोट्ट्याच्या कुबडीचं रबर झिजलेलं, फरशीवर प्रत्येक पावलाला घसरे अन् तो भिंत धरून चाले, पाहून जीव तुटला.

ते रबर, सायकल, पानठेल्याचं सामान यासाठी ग्रामपंचायतीत विचारा, स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. तोंडी नका मागू, ग्रामसेवकाला अर्ज द्या अन् दुसऱ्या कॉपीवर शिक्का मारून पोच घ्या.