घराभोवतीच्या उजाड जागेची बाग: मृगाआधीची तयारी

गावाकडे घर बांधून झालं की भोवतीची जागा उघडीबोडकी दिसते आणि पहिले पाय वळतात रोपवाटिकेकडे. घर नाशिक जिल्ह्यात गिरणाऱ्याला असो, दिंडोरीकडे असो की सिन्नरच्या बाजूला, माझं सांगणं एकच असतं: रोपं सगळ्यात शेवटी. आधी जमिनीचा उतार, मग माती, मग पाणी, मग कुंपण आणि मग झाडं. होळी झाली की कामाला लागावं. मृग निघतो ७ जूनच्या सुमारास, म्हणजे हातात जेमतेम तीन महिने असतात आणि त्यातला वैशाखाचा महिना उन्हामुळे अर्धाच वापरता येतो.

सुरुवात कागदापासून करावी. मोजणीच्या खुणा बघून हद्द आखून घ्यावी, त्यात घर, बोअर, सेप्टिक टँक, वरून गेलेल्या विजेच्या तारा आणि गाडी आत यायची वाट दाखवावी. विटा किंवा खताचा ट्रॅक्टर मागच्या अंगणापर्यंत जाईल एवढी वाट आत्ताच ठेवली नाही, तर पुढे प्रत्येक घमेलं डोक्यावरून न्यावं लागतं. याच कागदावर ऊन लिहून ठेवावं. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरात सूर्य दक्षिणेला बराच कलतो आणि दहा फुटी भिंतीची भर दुपारची सावली उत्तरेला साडेनऊ फूट जाते. घराच्या उत्तरेला भिंतीलगत गुलाब किंवा भाजीचे वाफे केले, तर हिवाळाभर त्यांना ऊन मिळत नाही. तिथे नेचे, अळू, ओवा, मनीप्लँट चालतील. पश्चिमेच्या भिंतीला मात्र एप्रिल-मे महिन्यांत दुपारभर ऊन झोडपतं. मोठ्या सावलीचं झाड हवं ते तिथेच.

उतार डोळ्यांनी कळत नाही. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढतात, त्यांच्याकडूनच सगळ्या जागेची पातळी काढून घ्यावी. पाणी जोत्यापासून लांब जायला हवं, आणि ते सरळ रस्त्यावर न जाता बागेत मुरायला हवं. उताराला आडव्या दोन उथळ चाऱ्या काढल्या तरी पुष्कळ फरक पडतो. त्र्यंबक-इगतपुरीकडे पाऊस एवढा कोसळतो की पाणी बाहेर काढायची सोय आधी बघावी लागते. सिन्नर, येवला, नांदगावकडे प्रत्येक थेंब अडवायची. एकाच जिल्ह्यात दोन अगदी वेगळ्या बागा होतात, म्हणून नाशकातल्या मित्राची बाग बघून तशीच आपल्याकडे करायला जाऊ नये.

आता माती. इथे घाई करू नका, बागेचं निम्मं काम हेच आहे. घरापासून वेगवेगळ्या अंतरांवर तीन-चार ठिकाणी दोन फुटांचे खड्डे घ्या आणि खड्ड्याच्या उभ्या कडेकडे नीट बघा. भिंतीजवळच्या खड्ड्यात बहुतेक वेळा वर वाळूची आणि सिमेंटची कवची, मग विटांचे तुकडे, मग बांधकामाच्या वेळी पसरलेला मुरूम आणि त्याखाली दाबून बसलेली मूळची काळी माती दिसते. चांगली माती खाली गाडली गेलेली असते आणि वर राहतो तो राडा. तो उचलायलाच हवा, त्यावर माती टाकून झाकू नका. सिमेंट-चुन्यामुळे मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि आपल्याकडची काळी माती मुळातच विम्लतेकडे (अल्कलीकडे) झुकलेली असते. काळ्या मातीत पांढरे खडे दिसले तर त्यावर लिंबू पिळा. बारीक फेस आला की चुनखडी आहे असं समजा. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. एक्झोरा, लिंबू, सोनचाफा यांना हा त्रास लवकर होतो. सीताफळ, आवळा, बोर, चिंच सहज निभावून नेतात.

माती परीक्षणाला कंटाळू नका. पाच-सहा ठिकाणची माती एकत्र करून, सावलीत वाळवून अर्धा किलो नमुना द्यायचा. शासकीय मृद चाचणी प्रयोगशाळा आहे, मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करता येईल. अहवालात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुना हे चार आकडे आधी बघा. घरी करायची आणखी एक परीक्षा म्हणजे त्याच खड्ड्यात संध्याकाळी काठोकाठ पाणी भरून ठेवायचं. ते जिरलं की पुन्हा भरायचं आणि दुसऱ्यांदा किती वेळ लागतो ते बघायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाणी तसंच उभं असेल, तर तिथे झाड खड्ड्यात न लावता उंचवट्यावर लावावं.

बाहेरून माती आणायची वेळ आलीच तर हिशोब ब्रासचा असतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. हजार चौरस फुटांवर सहा इंचांचा थर द्यायला पाच ब्रास लागतात, म्हणून सगळ्या जागेवर माती पसरायच्या भानगडीत न पडता वाफे आणि खड्डे यांच्यापुरतीच आणावी. धरणाचा किंवा तळ्याचा गाळ कसदार असतो, पण चिकणही असतो, आणि त्याबरोबर लव्हाळ्याच्या गाठी आल्या तर पुढची कित्येक वर्षं खुरपणी सुटत नाही. गाडी रिकामी करायच्या आधी चार पाट्या फोडून बघा.

शेणखताचंही तसंच. चांगलं कुजलेलं शेणखत हातात घेतलं तर कोमट लागत नाही, शेणाचा वास येत नाही आणि चहाच्या चोथ्यासारखं मोकळं सुटतं. ढीग उकरताना इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, पिवळसर डोक्याची जाड अळी दिसली तर ती हुमणी. ती झाडाची मुळं खाते आणि वरून काही कळायच्या आत रोप माना टाकतं. खत ताडपत्रीवर पातळ पसरून कोंबड्या सोडल्या तर त्या वेचून खातात. शहरातून आलेल्या लोकांना हे सांगितलं की आश्चर्य वाटतं, पण याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

पहिल्या वर्षी सगळी जागा झाडांनी भरायची नसते. जो भाग मोकळा राहणार आहे तिथे पहिल्या चांगल्या पावसावर ताग किंवा धैंचा पेरायचा आणि फुलावर आला की, साधारण दीड महिन्याने, कापून मातीत गाडायचा. उघडी जमीन पावसात धुपते आणि गाजर गवताला आयतं रान मिळतं. तागाचं बी मृगाआधी आणून ठेवा, पाऊस झाल्यावर दुकानात गर्दी होते.

खड्डे एप्रिल-मे महिन्यांत खणावेत म्हणजे उन्हाने तापतात. आंब्याला तीन फूट लांब-रुंद-खोल, बाकीच्या झाडांना दोन फूट पुरतो. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाकायला सांगा, मजूर ती एकत्र करून टाकतात. काळ्या मातीत यंत्राने खड्डा घेतला तर त्याच्या कडा गुळगुळीत होतात आणि मुळं त्यातून बाहेर पडायला कचरतात. अशा कडा कुदळीने खरवडून घ्या. मुरमाड जमिनीत तळाला पहारीने भेगा पाडा. भरताना वरची माती, दोन-तीन घमेली शेणखत, किलोभर सुपर फॉस्फेट आणि किलो-दीड किलो निंबोळी पेंड. खड्डा जमिनीपेक्षा चार बोटं उंच भरा, पावसाने तो बसतोच.

पाण्याच्या बाबतीत नाशिककर भाग्यवान आहेत. द्राक्षामुळे जवळपास प्रत्येक मोठ्या गावात ठिबकचं दुकान आणि ते जोडून देणारा माणूस मिळतो. फक्त एक काम फरशी किंवा पेव्हर बसवायच्या आधी करून ठेवा: प्रत्येक वाटेखालून एक रिकामा जाड पाइप आडवा टाका. पुढे ठिबकची मेन लाइन किंवा दिव्याची वायर त्यातून जाते आणि फरशी फोडावी लागत नाही. सहा फुटी स्टँडवरच्या टाकीच्या दाबावर साधं ठिबक नीट चालत नाही, त्याला छोटा पंप लागतो. बोअरचं पाणी जड असेल तर ड्रिपर क्षारांनी बुजतात, म्हणून फिल्टर आणि शेवटच्या टोकाच्या कॅप सहज उघडता येतील अशा ठेवा. छताचं पाणीही विसरू नका. हजार चौरस फूट छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला की ९०० लिटरच्या वर पाणी उतरतं. ते गाळून टाकीत किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात घ्यावं.

लॉनबद्दल मनापासून सांगतो. हजार चौरस फूट हिरवळीला मे महिन्यात रोज चारशे-पाचशे लिटर पाणी लागतं. तेवढ्या पाण्यात फळझाडांची अख्खी रांग जगते. बसायला हिरवा तुकडा हवा असेल तर घरासमोर दोनशे फुटांचा करा आणि बाकी जागा झाडांना द्या.

कुंपण झाडांच्या आधी. गावात शेळ्या-गाई मोकळ्या फिरतात आणि कोवळं रोप एका रात्रीत संपतं. पहिल्या वर्षी तारेचं कुंपण आणि त्याच्या आत सागरगोटा, करवंद किंवा मेंदीची ओळ लावावी. दोन-तीन पावसाळ्यांत जिवंत कुंपण उभं राहतं. ऊसपट्ट्यात, गोदाकाठी, निफाड-सिन्नर भागात बिबट्याचा वावर आहे, हे मनात ठेवून आखणी करा. दरवाजाजवळ आणि फाटकापासून घरापर्यंतच्या वाटेवर दाट झुडपं नकोत, कमरेच्या खालचा भाग मोकळा दिसला पाहिजे आणि दिवा हवा. लहान मुलं असतील तर याला पर्याय नाही.

आता झाडं. वड, पिंपळ, उंबर घरापासून निदान तीस-चाळीस फूट दूर. आंबा वीस फुटांवर. भिंतीजवळ पारिजातक, तगर, कुंती, कढीपत्ता. गुलमोहर दिसतो देखणा, पण वादळात फांदी मोडते, गाडी उभी करायच्या जागेवर तो नको. फुलांसाठी बहावा आणि ताम्हण लावा. ताम्हण आपलं राज्यफूल आहे आणि नाशिकच्या हवेत छान वाढतं. आंब्यात माझी पसंती केशरला, लिंबात राहुरी विद्यापीठाच्या साई सरबतीला. कलम घेताना जोडाखाली फुटवा नसावा आणि पिशवीच्या तळाशी मुळांचं वेटोळं झालेलं नसावं. जिल्ह्याच्या पूर्वेकडे जुलैच्या ओलीवर लावा. त्र्यंबक-इगतपुरीकडे पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टअखेर लावलेलं बरं.

लावायच्या दिवशी हाताशी काठ्या, सुतळी, धारदार ब्लेड आणि पाचट असू द्या. पिशवी ओढून काढायची नाही, कापायची. पाचटाचा थर बुंध्यापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी चढते. द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्या फुकट मिळतात, पण त्यांवर फवारण्या झालेल्या असतात, म्हणून त्या आधी कुजवून मगच वापरा. आणि आठवड्यातले पाच दिवस तुम्ही शहरात असणार असाल, तर पाणी कोण देणार हे आत्ताच ठरवा. शेजारच्या मावशींना किंवा एखाद्या होतकरू पोराला महिन्याचे पैसे ठरवून द्या. टायमर लावला तरी ठिबकची गळकी नळी (लॅटरल) बघायला माणूसच लागतो.

डिसेंबर-जानेवारीसाठी गोणपाट जमवून ठेवा. निफाडचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा पपई, केळी आणि आंब्याची कोवळी कलमं करपतात. संध्याकाळी उत्तरेकडून आडोसा आणि हलकं पाणी द्यावं. कलमी आंब्याला दुसऱ्याच वर्षी मोहोर येतो. घरातली मुलं तो ठेवायचा हट्ट धरतील, तरी पहिली तीन वर्षं खुडून टाका.