माघ-फाल्गुनातली बाग: या चुका टाळा

पहाटे झाडांना पाणी घालायला जाताना अजून शाल लागते आणि दुपारी दोनला त्याच गच्चीवर अनवाणी उभं राहवत नाही. पुणे, सातारा, नाशिककडचा फेब्रुवारी असाच असतो. रथसप्तमीनंतर ऊन चढायला लागतं, पण थंडी शिवरात्रीला 'शिव शिव' म्हणेपर्यंत हलत नाही. या काही आठवड्यांतल्या बहुतेक चुका एकाच कारणाने होतात: आपण पहाटेच्या गारव्यावर भरवसा ठेवतो. झाडं दुपारचं ऊन आणि लांबलेला दिवस ओळखून कधीच कामाला लागलेली असतात.

म्हणून तारखेइतकंच आजूबाजूला बघा. पांगारा निष्पर्ण फांद्यांवर लाल झाला, तांबट पक्षी दुपारभर 'टुक टुक' करू लागला, शिंजीर या चिमुकल्या पक्ष्याच्या नराचा चट्ट्यापट्ट्यांचा मळकट रंग जाऊन तो चकचकीत निळा-काळा दिसू लागला, की बागेचा हिशेब बदलायची वेळ आली.

बोडक्या चाफ्याला पाणी पाजणं

पानं गळालेला चाफा वाळला असं समजून रोज तांब्याभर पाणी घातलं जातं. पानंच नसल्याने झाड ते पाणी उचलत नाही. कुंडीतली माती ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मग मार्चमध्ये खोड मऊ पडतं आणि दोष उन्हाला दिला जातो.

खात्री करायची तर फांदीचं टोक चिमटीत दाबा. घट्ट लागलं तर झाड ठीक आहे. शंका असेल तर नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं आणि पांढरा चीक आला तर फांदी जिवंत आहे. (चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, हात लगेच धुवा.) आत तपकिरी आणि मऊ लागलं तर पांढरं, निरोगी लाकूड दिसेपर्यंत फांदी धारदार सुरीने कापत खाली या आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. दोन इंच खोलपर्यंत माती कोरडी झाली तरच थोडं पाणी द्या. टोकाला बोटाच्या नखाएवढी हिरवी पानं उलगडली की पाणी हळूहळू वाढवा. कुंडी बदलायचीही हीच वेळ.

गुलाबाची मोठी छाटणी आता करणं

थंड देशांतले व्हिडिओ बघून ही चूक होते. तिथे गुलाब हिवाळ्यात झोपतो, आपल्याकडे तो हिवाळ्यातच फुलतो. आपली खोल छाटणी ऑक्टोबरातली. फेब्रुवारीत झाड गुडघ्याएवढं कापलं तर कोवळे धुमारे नेमके मार्चच्या उन्हात सापडतात, फुलं लहान येतात आणि फुलकिडे त्यांच्यावर तुटून पडतात. आता फक्त सुकलेलं फूल काढा: देठाखाली पाच पर्णिकांचं पहिलं पान शोधा आणि त्याच्या वर पाव इंचावर तिरका काप द्या. डोळा भरलेल्या (कलम केलेल्या) जागेच्या खालून येणारे धुमारे मात्र मुळापासून काढा.

मोगऱ्याचं उलटं आहे. त्याची छाटणी संक्रांतीनंतर जानेवारीअखेरपर्यंत व्हायला हवी, कारण कळ्या नव्या फुटीवर येतात. राहून गेली असेल आणि फूट सुरू झाली असेल, तर आता कात्री लावू नका. वाळक्या काड्या काढा, दहा इंची कुंडीला दोन मुठी कुजलेलं शेणखत द्या आणि दिवसभराचं ऊन मिळेल अशा जागी ठेवा.

मोहोरावर पाणी आणि फवारा

अंगणातल्या आंब्याला मोहोर आला की कौतुकाने आळं भरलं जातं. मोहोराच्या काळात भरपूर पाणी मिळालं तर झाड पालवीकडे वळू शकतं. कैरी वाटाण्याएवढी झाली की पाणी सुरू करा. कुंडीतल्या कलमाला हा नियम कडक लावू नका. ते कोमेजणार नाही इतपत पाणी द्यायलाच हवं.

मोहोराची फुलं गळून खाली सडा पडला की लगेच औषध शोधलं जातं. एका तुऱ्यात शेकड्यांनी फुलं असतात, त्यांतली पुष्कळशी नर असतात आणि ती गळणारच. काळजी कधी करायची? तुऱ्यावर पिठासारखी पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. जवळ गेल्यावर पाचरीच्या आकाराचे बारीक कीटक टणाटण उडाले आणि पानं चिकट लागली तर ते तुडतुडे. त्या चिकट गोडव्यावरच पुढे काळी बुरशी चढते.

भुरीसाठी पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम, फुलं उमलण्यापूर्वी, संध्याकाळी फवारा. कडक उन्हात गंधकाने पानं करपतात. कडुनिंबाच्या तेलासोबत किंवा तेलाच्या फवाऱ्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तर ते मारूच नका. फुलं उमलल्यावर फवारा थांबवा. आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्या करतात आणि त्यांना मारून कैरी धरत नाही.

भेंडी, काकडीची घाई

ही दोन्ही बियाणी गार मातीत उगवत नाहीत, नुसती फुगून कुजतात. कोकणात जानेवारीत चालतं, पण निफाड-नाशिककडे रात्रीचं तापमान सलग आठवडाभर 15 अंशांच्या वर राहीपर्यंत थांबा. भेंडीचं बी रात्रभर भिजवा आणि 2 सेंटिमीटर खोल पेरा. उगवेपर्यंत माती नुसती ओलसर हवी, चिखल नको.

पाण्याचं जुनंच वेळापत्रक

थंडीत दोन-तीन दिवसांआड पुरणारं पाणी फेब्रुवारीअखेर लहान कुंड्यांना पुरत नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून बघा. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत घाला. वर दोन इंच पालापाचोळा पसरा, खोडाभोवती मात्र दोन इंच जागा मोकळी ठेवा. पानगळीचा हाच पाला कोपऱ्यात जाळला जातो तेव्हा फार वाईट वाटतं, कारण एप्रिलमध्ये त्याच्याइतकं उपयोगी काही नसतं. उरलेला पाला भोकं पाडलेल्या पिंपात भरा. पिळलेल्या फडक्याइतका ओलावा राहू द्या. आंब्या-फणसाची जाड पानं आधी चुरा, नाहीतर ती वर्षभर तशीच पडून राहतात.

आणि वेल किंवा जास्वंद छाटण्याआधी फांद्यांच्या टोकांशी नजर टाका. कोळिष्टकं, सालीचे तुकडे आणि गवत गुंफून केलेली, कचऱ्याची पिशवीच वाटावी अशी एखादी लोंबती वस्तू दिसली तर ते शिंजीराचं घरटं असतं. पिल्लं उडेपर्यंत त्या फांदीला कात्री लावू नका.