अज्ञ, अज्ञात, अज्ञान, अनभिज्ञ: लिहिताना या चुका टाळा

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी "मी या नियमाबाबत अज्ञात होतो" असं टाकलं की हसावं का रडावं कळत नाही. अज्ञात म्हणजे ज्याच्याबद्दल कोणालाच माहीत नाही तो, पोलीस ज्याच्यावर गुन्हा दाखल करतात तो अज्ञात इसम. तुम्हालाच माहीत नव्हतं तर अनभिज्ञ लिहा, नाहीतर सरळ "मला माहीत नव्हतं" लिहा ना, अर्जातही चालतं.

अनभिज्ञ म्हणजे अन् + अभिज्ञ, म्हणून उलटा शब्द अभिज्ञ. "भिज्ञ" असं काही नसतंच. आणि आपल्या नागपुरात अर्धं बोलणं हिंदीत, त्यामुळे "नियमोंसे अनभिज्ञ"च्या चालीवर "नियमांशी अनभिज्ञ" होऊन जातं, मराठीत नियमांविषयी किंवा नियमांबाबत. हिंदी बोलून बोलून तोंडात "अग्यान" बसलं तर बसू द्या, पण टाइप करताना "अद्न्यान" नको. कीबोर्डवर ज्ञ सापडत नसेल तर ज, मग हलन्त, मग ञ दाबा (न नाही बरं), आपोआप जुळतो.

खरा घोळ सातबाऱ्यावर. काटोलकडं संत्र्याचं वावर आहे, बाप वारला, वारस लहान, मग नोंदीत "अ.पा.क." येतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ते वाचून घरचे चिडतात की आमच्या पोराला अज्ञानी काऊन म्हटलं? अहो, इथं अज्ञान म्हणजे 18 वर्षांच्या आतला, अल्पवयीन, अकलेचा काही संबंध नाही, आणि 18 पूर्ण झाले की तो सज्ञान. पण शेरा आपोआप निघत नाही हं, पोरगा इंजिनिअर होऊन पुण्याला गेला तरी तो तिथंच असतो आणि वावर विकायच्या वेळी बरोबर आडवा येतो. वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडं अर्ज करायचा, फेरफार मंजूर झाला की शेरा जातो.

अजाण लेकरांपुरताच ठेवा, "अजाण ग्राहक" लिहिलं तर ग्राहक पाळण्यात आहे असं वाटतं.

आणि निरक्षराला अडाणी म्हणणं, ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. अडाणी ही शिवीच झाली आहे आता. एखाद्याला एखाद्या विषयातलं कळत नसेल तर "त्याला यातला गंध नाही" म्हणा, तेवढ्या विषयापुरतंच राहतं.